नखाएवढे चित्र

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. मी चाचणी परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो आणि 'कवीच्या मते' या दोन शब्दांनी सुरू होणारे एकतिसावे उत्तर वाचत होतो, तोच भाचा आला. चपला काढता काढताच त्याने लॅपटॉप उघडला आणि पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

"मामा, हे पाहा आणि अगदी खरे सांग. काय दिसते?"

पडद्यावर कुठल्याशा दुकानातल्या मालाची यादी होती. वीस-पंचवीस चिमुकल्या पट्ट्या एकाखाली एक, आणि त्यांतल्या एकीवर त्याचे बोट. मी चष्मा वर केला, खाली केला. "निवडायला घेतलेले तांदूळ," मी म्हणालो. एवढ्यात आमची ही चहा घेऊन आली. तिने वाकून पाहिले आणि माझ्यापेक्षा नेमका निकाल दिला : "खसखस सांडली आहे."

भाच्याचा चेहरा उतरला. ती खसखस म्हणजे त्याच्या तीन वर्षांच्या कष्टांचे दुकानातले तोंड होते.

आता थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. या मुलाने चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि घरातल्या मागच्या खोलीत बसून एकट्याने व्हिडिओ गेम करायला घेतला. कोणा मोठ्या कंपनीच्या पैशावाचून, एकट्यादुकट्याने केलेल्या अशा खेळांना 'इंडी' म्हणतात. आमच्या भाऊजींनी मात्र त्याला निराळे नाव दिले होते; ते इथे छापण्याजोगे नाही. "शेजारी विचारतात, मुलगा काय करतो? मी काय सांगू, खेळतो?" हे त्यांचे म्हणणे, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असे मलाही म्हणवत नव्हते. बापलेकांचे बोलणे जेवताना मीठ पुढे सरकवण्यापुरते उरले होते. मधल्या मध्ये माझ्या ताईचे हाल.

खेळ मात्र मोठा गोड आहे. ठिपक्यांची रांगोळी. हात न उचलता आणि कोणत्याही रेघेवरून दुसऱ्यांदा न जाता आकृती पुरी करायची. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३६ साली कोनिग्सबर्ग गावच्या सात पुलांविषयी जो विचार मांडला, तोच याच्या मुळाशी आहे असे भाच्याने मला समजावले. आपल्या आज्या-पणज्या ऑयलरचे नावही न ऐकता तेच दारात रोज काढत आल्या, हे मी त्याला समजावले. खेळाचे नाव मात्र मी मुद्दामच सांगत नाही. दिवाळी अंकात मामाने भाच्याची जाहिरात केली असे कुणी म्हणायला नको.

खेळ विकायचा ते दुकान 'स्टीम' या नावाचे. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने ते २००३ साली सुरू केले. शंभर डॉलर भरले आणि कागदपत्रे पुरी केली की कुणालाही आपला खेळ तिथे मांडता येतो. खेळाने हजार डॉलरांची विक्री केली की ते शंभर परतही मिळतात. दार असे उघडे असल्यावर गर्दी व्हायचीच. २०२४ या एका वर्षात तिथे अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. म्हणजे रोज पन्नास! लग्नाच्या मांडवातही रोज पन्नास नवी माणसे भेटली तर त्यांतल्या एकाचेही नाव लक्षात राहायचे नाही.

या गर्दीत गिऱ्हाईक आधी काय पाहते? खेळ नव्हे, खेळाचे वर्णनही नव्हे. चित्र पाहते. स्टीमला एकाच खेळाची चित्रे निरनिराळ्या मापांत द्यावी लागतात. १२३२ बाय ७०६ पिक्सेलांचे एक मोठे, ७४८ बाय ८९६ चे एक उभे, ९२० बाय ४३० चे शीर्षचित्र आणि ४६२ बाय १७४ ची छोटी पट्टी. मौज अशी की चित्रकार जीव ओततो मोठ्या चित्रात, आणि बहुतेकांची पहिली गाठ पडते ती छोट्या पट्टीशी. हीच पट्टी दुकान आणखी आखडते आणि काही ठिकाणी १२० बाय ४५ पिक्सेलांची करून दाखवते. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. पंचेचाळीस ठिपके उंचीच्या त्या जागेत भाच्याने आपल्या खेळातली पंधरा ठिपके पंधरा ओळींची पुरी रांगोळी बसवली होती. तिची खसखस व्हायची नाही तर काय?

"पण मामा, खेळात तर हेच आहे!" तो कळवळून म्हणाला.

मला एकदम स्टेशनाबाहेरचा तो जुना स्टॉल आठवला. लहानपणी दिवाळी अंक आणायला मी वडिलांबरोबर तिथे जात असे. दोरीला चिमट्यांनी लावलेले अंक एकावर एक असे दाटलेले असत, की पुष्कळांचा वरचा चतकोरच काय तो दिसे. त्या चतकोरात अंकाचे नाव आणि एखादा चेहरा आला तर हात पुढे होई; नुसते आभाळ आले तर तो अंक तिथेच लटकत राही. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मुखपृष्ठ हा या धंद्याचा निम्मा जीव आहे. दीनानाथ दलालांनी तर १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' सुरू केला, आणि त्यांचे मुखपृष्ठ घरात आले की अंक वाचायच्या आधी सगळ्यांच्या हातून फिरे असे आमची आजी सांगे. दलालांची चित्रे मी पुढे रद्दीच्या गठ्ठ्यांतून जमवली. चार हातांवरून पाहा, एक ठसठशीत आकृती आणि एक नजर. बाकीचे सारे जवळ गेल्यावर. हे मी भाच्याला दाखवले. तो बराच वेळ पाने उलटत राहिला आणि मग म्हणाला, "दलालांना बाई होती, मामा. माझ्याकडे नुसते ठिपके आहेत."

इथे त्याने कोडी करणाऱ्या सगळ्याच मंडळींचे दुखणे नेमके सांगितले. मारामारीच्या खेळात तलवार घेतलेला वीर असतो, शर्यतीच्या खेळात मोटार असते. कोड्याच्या खेळात कोण असते? कोडे! ते चित्रात दाखवायचे कसे? हा प्रश्न काही आजचा नाही. मॉस्कोत आलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली 'टेट्रिस' केला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, एवढेच त्यात आहे. १९८८ साली तो अमेरिकेत खोक्यात घालून विकायची वेळ आली तेव्हा विकणाऱ्यांनी खोके लालभडक केले आणि त्यावर सेंट बेझिल चर्चचे घुमट छापले. खेळाचा आणि घुमटांचा काडीइतका संबंध नाही. पण शीतयुद्धाच्या दिवसांत 'रशियाहून आलेला खेळ' हीच त्यांना विकण्याजोगी गोष्ट वाटली. नावातला इंग्रजी 'आर' त्यांनी रशियन दिसावा म्हणून उलटा छापला. रशियन लिपीत ते अक्षर 'या' असे वाचतात, त्यामुळे रशियन माणसाला त्या खोक्यावर 'टेट्याइस' असे काहीतरी दिसत असणार! लिपीचा असा वेष घालून मिरवणाऱ्यांची मला भारी चीड येते. ती पुढे मला भाच्याशीच भांडताना उपयोगी पडली.

नंतरच्या लोकांनी याहून प्रामाणिक वाटा काढल्या. लंडनच्या अस्टू या मंडळींनी २०१४ साली 'मॉन्युमेंट व्हॅली' काढला. एशरच्या चित्रांतल्यासारखे अशक्य जिने आणि मनोरे, आणि त्यांवरून चालणारी टोकदार टोपीची एक पांढरी, इवलीशी मुलगी. खेळातले कोणतेही दृश्य चौकटीत घालून भिंतीवर टांगता यावे हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे दुकानासाठी वेगळे सुंदर चित्र शोधत बसायचा प्रश्नच त्यांना पडला नसावा. त्याच वर्षीचा 'थ्रीज' हा आकड्यांचा खेळ. त्याच्या दोघा कर्त्यांनी चौदा महिने खपून आकड्यांना नाना सोंगे देऊन पाहिली आणि अखेर साध्या आकड्यांवरच परत आले. मात्र प्रत्येक आकड्याच्या पाटीला त्यांनी छोटासा चेहरा दिला. निळा एक, तांबडा दोन, पांढरा तीन. चेहरा आला की ओळख आली.

आणि फिनलंडच्या आर्वी तैकारी यांचा २०१९ सालचा 'बाबा इज यू'! यात शब्द हेच ठोकळे. ते ढकलून वाक्य बदलले की खेळाचा नियमच बदलतो. खेळाचे नाव हाच खेळाचा पहिला नियम आणि तेच त्याचे चित्र. व्याकरण शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला याहून काय हवे? भाचा ताईच्या घरी मला हे सारे रंगात येऊन सांगत असताना "बाबा इज यू, बाबा इज यू" असे दोन-तीनदा जोराने म्हणाला. बाहेर भाऊजी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी घसा खाकरला आणि पान उलटले. त्यानंतर आम्ही दोघे हळू आवाजात बोलू लागलो.

मधल्या काळात भाच्याने एक चूक केली. साठवलेल्या पैशांतून एका व्यावसायिक चित्रकाराकडून चित्र काढून घेतले. चित्र झोकदार! वाऱ्यावर उडणारे केस, हातात पेटता दिवा, मागे काळोखी वाडा, आणि दाराआडून पाहणारे दोन हिरवे डोळे. मित्रांना त्याने ते दाखवून खेळ खेळायला दिला. त्यांतल्या एकाने पंधरा मिनिटांनी विचारले, "ती बाई केव्हा येते?" बाई येतच नाही हे कळल्यावर त्याने खेळ ठेवून दिला. रांगोळी वाईट नव्हती. पण तो भुताच्या वाड्यात जायला निघाला होता आणि त्याला अंगणात बसवले गेले. स्टीमवर विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. खोटे चित्र गिऱ्हाईक आणते आणि तेच गिऱ्हाईक पैसे घेऊन परत जाते, वर चार शब्द वाईट लिहून जाते. चित्राचे पैसे बुडाले. ते किती हे भाच्याने ताईला सांगितले नाही. मला सांगितले, म्हणून मीही इथे सांगत नाही.

यंत्राला सांगून फुकट चित्र करून घ्यावे असा सल्लाही पुष्कळांनी दिला. २०२४ पासून स्टीमवर असे यंत्रनिर्मित काही वापरले तर ते जाहीर करावे लागते. भाच्याने गंमत म्हणून एक करून पाहिले. रांगोळी सुरेख होती, पण एकही रेघ धड ठिपक्यांतून जात नव्हती. ज्या खेळाचा सारा जीव रेघ ठिपक्यापाशी पोचण्यात, त्याच्या दारावर असले चित्र लावायचे म्हणजे गणिताच्या शिकवणीच्या पाटीवर दोन अधिक दोन पाच लिहायचे.

मग नावाचा प्रश्न आला आणि मी बाह्या सरसावल्या. मूळ नाव पाच इंग्रजी शब्दांचे होते. छोट्या पट्टीवर ती अक्षरे कंगव्याच्या दातांसारखी दिसत. छोट्या पट्टीत नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापावी असे स्टीमच सांगते. बाकी चित्राला तिथे वाव थोडाच. त्याने नाव एका मराठी शब्दावर आणले, आणि मी ते देवनागरीतच हवे म्हणून हट्ट धरला. आम्ही दोन्ही लिप्यांत ते करून पाहिले. आणि मला माझ्याच लिपीविरुद्ध मत द्यायची पाळी आली! रोमन मोठी अक्षरे एकमजली असतात. आपल्या अक्षरांना तीन मजले : शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार, मध्ये मूळ अक्षर, तळघरात उकार. पंचेचाळीस ठिपक्यांच्या उंचीत तिन्ही मजले बसवायचे म्हणजे मधल्या बिऱ्हाडाला जेमतेम निम्मी जागा मिळते. शिवाय खेळ घेणारे बहुतेक परदेशी. मी हरलो. पण भाच्याने लगेच तोडगा काढला, की रोमन अक्षरेच शिरोरेषेला टांगू, म्हणजे ती 'भारतीय' दिसतील. तेव्हा मी त्याला टेट्रिसच्या खोक्याची आठवण दिली आणि घर सोडून जाण्याची धमकी दिली. (घर माझेच होते, हे नंतर लक्षात आले.) शेवटी रोमन नाव जाड, साधे आणि सरळ राहिले, आणि खेळ उघडल्यावर पहिल्या पडद्यावर देवनागरी नाव ऐसपैस, तिन्ही मजल्यांसह विराजमान झाले.

फोनच्या दुकानात तर नावाला जागाच नसते. ॲपल १०२४ पिक्सेलांचा आणि गूगल ५१२ पिक्सेलांचा चौकोन मागते. फोनवर तो सुपारीएवढा होतो आणि नाव खाली फोनच लिहितो. त्या चौकोनात पुन्हा अक्षरे कोंबणे म्हणजे पाटीवर 'पाटी' असे लिहिणे.

पण चित्र काय काढावे? ते अजून सापडले नव्हते. सापडले ते भाद्रपदात, गौरींच्या दिवशी. ताई दारात गेरूने सारवलेल्या फरशीवर रांगोळी काढत होती. आम्ही दोघे पायरीवर बसून नेहमीचाच वाद घालत होतो. ठिपके मांडून झाले होते. ताईने चिमूट भरली, पहिल्या ठिपक्यापासून रेघ ओढली, आणि दुसऱ्या ठिपक्यापाशी पोचायच्या आत आतून कुकरची शिटी झाली. "अगो बाई!" म्हणून ती उठली. रेघ तशीच राहिली. दोन ठिपके, आणि मधे निम्म्यात थांबलेली पांढरी रेघ. मी पाहत होतो. भाचाही पाहत होता. आणि माझे बोट, माझ्या नकळत, ती पुरी करायला पुढे गेले.

"मामा, हात लावू नकोस!" तो ओरडला, आणि फोन आणायला आत धावला.

ताई परत आल्यावर त्याने तिला तिथेच, तशीच चिमूट धरायला लावून दहा-बारा छायाचित्रे घेतली. "अरे, हात पिठाचे आहेत माझे," ती सांगत होती. पुढचा आठवडा त्याने ते स्वतःच्या हाताने चितारण्यात घालवला. सारी रांगोळी गेली. उरले फक्त वरून आलेला अंगठा आणि तर्जनी, एक हिरवी बांगडी, बोटांतून सुटणारी पूड, आणि ठिपक्याच्या अलीकडे थांबलेली रेघ. कोड्याच्या खेळाला नायिका मिळाली. आणि ती खोटी नव्हती, कारण खेळात गिऱ्हाईक नेमके हेच करणार होते.

आता परीक्षा. स्टीमचे पान गडद निळसर असते आणि शेजारच्या पट्ट्या बहुधा निळ्या-जांभळ्या. त्यांत काळोखी वाड्याचे चित्र बुडून गेले होते. गेरूचा तांबडा रंग उठून दिसला. भाच्याने दुकानाच्या पानाचे चित्र घेऊन त्यात आपली पट्टी चिकटवली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ते काळ्या-पांढऱ्यात छापून आणले. रंग काढून घेतल्यावरही आकृती ओळखू आली पाहिजे, नाहीतर ती नुसत्या रंगाच्या जोरावर उभी आहे असे समजावे. मी त्यात भर घातली ती चष्मा काढून तीन पावलांवरून पाहण्याची. हात दिसला. रेघ दिसली. आमच्या हिला काहीही न सांगता कागद दाखवला. ती म्हणाली, "ताईंची बांगडी."

बाकीची कामे भराभर झाली. दुकानाच्या पानावर खेळातली निदान पाच दृश्ये द्यावी लागतात. भाच्याने आधी सुटलेली, पूर्ण, देखणी आकृत्यांची पाच दृश्ये निवडली होती. ती मी काढायला लावली. कोडे विकणाऱ्याने प्रश्नपत्रिका दाखवावी, उत्तरपत्रिका नव्हे. पहिले दृश्य सोपे, कुणालाही पाहताक्षणी नियम कळेल असे. पाचवे असे की माणूस कपाळाला हात लावील. मित्राने केलेली स्तुती चित्रावर छापायची त्याला हौस होती, पण १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने ते बंदच केले आहे : या चित्रांवर खेळाचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक, बस्स. बक्षिसे, तारे, सवलती काही नाही. हा नियम आमच्या पुस्तकांच्या मलपृष्ठांना केव्हा लागू होईल?

फेब्रुवारीत स्टीमचा 'नेक्स्ट फेस्ट' झाला. त्यात यायच्या खेळांचे नमुने फुकट खेळायला मिळतात आणि आवडला तर माणूस तो आपल्या इच्छायादीत टाकून ठेवतो. आमची रांगोळी तिथे मांडली गेली. ज्या देशांत रांगोळी कशाशी खातात हे ठाऊक नाही तिथल्या लोकांनी ती यादीत टाकली. आकडा सांगू नकोस असे भाच्याने बजावले आहे. तो मोठा नाही, पण नोकरीच्या जाहिराती पाहणे त्याने तूर्त थांबवले आहे. विक्री अजून व्हायची आहे.

पण मला सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे, गेल्या पाडव्याचे. आम्ही ताईकडे जेवायला गेलो होतो. दुकानाचे पान आदल्याच आठवड्यात लागले होते आणि लॅपटॉप दिवाणावर उघडा होता. भाऊजी आंघोळ करून, चष्मा न लावता, खिडकी लावायला म्हणून तिथून गेले आणि थबकले. वीस-पंचवीस पट्ट्यांच्या त्या यादीवर त्यांनी बोट ठेवले.

"हा हात हिचा का रे?"

"हो, बाबा."

"मग रेघ अर्धीच का सोडली आहे?"

"ती खेळणाऱ्याने पुरी करायची असते."

भाऊजी काही बोलले नाहीत. आत जाऊन चष्मा घेऊन आले आणि दिवाणावर टेकले. भाच्याने खेळ लावून दिला आणि शहाण्यासारखा बाजूला उभा राहिला. पहिली सात कोडी त्यांनी सोडवली. आठव्याशी अडले. "वरच्या ठिपक्यापासून सुरुवात करा," मी म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी स्वयंपाकघरात निघून गेलो. ताईने पाने वाढली आहेत म्हणून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती स्वतः उठून बघायला गेली, आणि बाहेरून तिचाच आवाज आला :

"अहो, तिथून नाही. आधी कोपरा घ्या."